बसलेल्या माणसाची खिडकी

सुगुणाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराला भेटायच्या आणि मग माणसांना. यजमान बिचारा ‘या, या’ करत हात जोडून उभा असायचा आणि या बाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता दार लोटून पाहायच्या, ओढून पाहायच्या, बिजागरीला कान लावायच्या, कडी वर-खाली करायच्या. मग उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या आणि आत यायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. बाईंना त्याचं काही नव्हतं. “माणूस खोटं बोलतो हो,” त्या म्हणायच्या, “बिजागरी नाही बोलत.”

मला त्या भेटल्या तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी अवडीच्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. साताऱ्याहून येऊन चेन्नईत मुरलेला. अंबत्तूरला एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता आणि त्यावर घर बांधायचं घाटत होतं. कारखान्यातल्या एका मित्राने सांगितलं, “अड्यारला आपल्या भाषेतली एक बाई आहे. आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची, आता निवृत्त झाली. घरांचे नकाशे काढून देते. पण तोंडाची फटकळ आहे, सांभाळून.”

मी आणि माझी बायको नीला अड्यारला गेलो. समोर आलं ते आठ-नऊ फूट उंचीचं, जाड सागवानी, पितळी फुल्यांचं दार, आणि ते उघडून मागून डोकावली जेमतेम पाच फुटांची बाई. नऊवारी नाही, काही नाही. साधी सुती पाचवारी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, हातात फूटपट्टी. मी म्हटलं, “केवढं दार हो हे!”

“वडिलांच्या तंजावरच्या घराचं,” त्या म्हणाल्या. “ते घर विकलें तेव्हा भावांनी भांडी घेतली, मी दार घेतलें. मिसरदेशांत लाकूड मिळायचं नाही. तिथला माणूस घर बदलताना दार काढून संगती न्यायचा. तसां मी आणलें. मग दार मावंल असां घर बांधलें. आधी दार आलं, मग घर.”

त्यांची मराठी ही अशी. तंजावरकरांची. तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरलेली, आणि तमिळच्या सुरात हेलकावे घेणारी. मी हसलो असेन थोडासा, तर लगेच ऐकवलं, “हसू नका. आमची मराठी फ्रीजमधे ठेवलेली. तुमची बाहेर राह्यली, आंबून गेली.”

बाईंचा आयुष्यभराचा विषय एकच, प्राचीन मिसरमधली, म्हणजे इजिप्तमधली घरं. आणि घरांतही दारं नि खिडक्या. पिरॅमिडबद्दल विचारलं तर बाई चिडायच्या. एकदा त्या एका सहलीबरोबर तिकडे जाऊनही आल्या होत्या. बाकी सगळी मंडळी राजांच्या कबरी बघायला जमिनीत उतरली आणि या कुठे गेल्या, तर त्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या पडक्या वस्तीत. त्यांच्या बैठकीत एकच फोटो होता. गुडघाभर उंचीच्या विटामातीच्या भिंती, आणि एका उंबऱ्यावर सुगुणाबाई पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, घरच्यासारख्या. “मेलेल्यांचीं घरं सगळे बघतात. जित्यांचीं कोण बघणार?” त्या म्हणायच्या.

नीलाने धीर करून सांगितलं, “बाई, आम्हाला काही मोठं नको. सासूबाई राहतील असं घर हवं.”

आमची खरी अडचण तीच होती. वडील गेल्यावर आईला मी चेन्नईला आणलं होतं. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर ती बसून असायची. तमिळचं अक्षर येत नाही, आमच्या मजल्यावर मराठीचं कुणी नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. साताऱ्यात रस्त्याने जाणाऱ्या म्हशीशीसुद्धा दोन शब्द बोलणारी बाई इथे मुकी झाली होती. दर दोन-चार आठवड्यांनी म्हणायची, “मला दादाकडे सोड बाबा. तिथं निदान भाजीवाली तरी भांडते माझ्याशी.” दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, साताऱ्यातच असतो. तो न्यायला तयारच होता. पण मला आई जवळ हवी होती. साधी गोष्ट आहे, त्यात काही मोठेपणा नाही. लहानपणापासून मी तिच्या पदराला धरून राहिलेला, चाळिशीतही तो सुटला नव्हता.

मी म्हटलं, “आईने ‘मला परत सोड’ म्हणू नये, असं घर काढा.”

बाईंनी फूटपट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “सेरी, काढतें. पण वास्तुवाला मधे आणाचा नाही. तो आला तर मी गेलें.”

घर उभं राहत होतं तेव्हा बाई रिक्षाने अड्यारहून अंबत्तूरला यायच्या. जवळचा पल्ला नव्हे तो. यायच्या, भर उन्हात उभ्या राहायच्या आणि गवंड्याला मिसरदेश शिकवायच्या. आमचे गवंडी मेस्त्री मोठे सोशिक. ते विटा रचत आणि बाई सांगत, की तिथली माणसं दाराच्या चौकटीला तांबडा रंग द्यायची, म्हणजे वाईटसाईट आत शिरत नाही. चौकटीवर घरधन्याचं नाव कोरायची. आणि मेल्यावर माणूस परलोकाच्या वेशीवर पोचला की दार त्याला सोडायचं नाही. उंबरा म्हणायचा, माझं नाव सांग मगच पाय ठेव. चौकट म्हणायची, माझं नाव सांग. अडसर म्हणायचा, माझं सांग. सगळ्यांची नावं आली तरच आत.

“म्हणून विचारतें,” एकदा त्या माझ्याकडे वळल्या, “तुमच्या दाराच्या कडीत जें अडकतं त्याला काय म्हणतात?”

मी म्हटलं, “ते हे... लॅच.”

“अय्यो! कोयंडा म्हणाचं. तुमी बाहेरच राहणार बघा.”

मेस्त्रींना मराठी कळत नव्हतं, पण माझी फजिती कळली. दोन दिवस ते माझ्याकडे बघून हसत होते.

बाईंचा स्वभावच असा, की जे पटलं ते करून दाखवायचं. अण्णा नगरला आमच्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने फ्लॅट घेतला होता. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. हॉलची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. वास्तुशांतीला आम्ही बाईंना घेऊन गेलो. मे महिना, दुपार कलती, सूर्य त्या काचेतून थेट जेवणाऱ्यांच्या पानात. सगळे घाम पुसत ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणत होते. बाईंनी पिशवीतून छत्री काढली, उघडली, आणि हॉलच्या मधोमध छत्री धरून जिलबी खाऊ लागल्या. ती मुलगी कानकोंडी होऊन म्हणाली, “बाई, घरात छत्री?”

“ऊन घरात आलं तर छत्री कुठे उघडाची गे?” बाई शांतपणे म्हणाल्या. मग तिला जवळ बसवून समजावलं. मिसरदेशात आपल्यापेक्षा कडक ऊन. तिथे खिडकी लहान, भिंतीत पार वर, छताखाली. तिला दगडाची जाळी. उजेड गाळून आत येतो, धूळ आणि झळ बाहेर राहते. दारावर बोरूची चटई गुंडाळून ठेवलेली, ऊन आलं की सोडायची. छपरावर वाऱ्याला तोंड करून एक झरोका, उत्तरेचा गार वारा धरून घरात उतरवायला. “त्या लोकांकडे खिडकीला काच नव्हती म्हणून शहाणे राह्यले,” बाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने भिंतभर चटया लावल्या आणि बाईंना फोन करून सांगितलं. बाई मात्र फोनवर एवढंच म्हणाल्या, “माहीत होतं.”

आमचं घर पुरं झालं, आणि काय सांगू, माठासारखं गार! खिडक्या सगळ्या वर, छताला लागून, सिमेंटच्या जाळीच्या. छपरावर समुद्राकडे तोंड केलेला झरोका. दुपार कलली की समुद्रावरून येणारा वारा त्यातून अलगद खाली उतरायचा. मे महिन्यातल्या, इथे कत्तरी म्हणतात त्या कडक उन्हाळ्यात शेजारी आमच्याकडे येऊन बसायचे. मी तर गावभर सांगत सुटलो होतो. रस्त्याकडेची, वाऱ्याची, सगळ्यांत चांगली खोली आईची.

आठ-दहा दिवस गेले. मग एका रविवारी जेवताना म्हणाली, “घर छान आहे. पण मला विहिरीत बसल्यागत होतं रे. मान वर केली की आभाळ. आभाळ काय, साताऱ्यालाही तेच आहे. मला दादाकडे सोड.”

मी बाईंना फोन केला.

“घर गार आहे की नाही?” बाई.

“आहे.”

“मग?”

“आईला करमत नाही.”

“करमवणं आर्किटेक्टचं काम नव्हे,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा दारात. मी रजेवर होतो म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं. बाई आल्या, दाराला भेटल्या आणि थेट आईच्या खोलीत जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. आईला गुडघ्यांमुळे उभं राहणं जमत नसे. दिवसभर ती सतरंजीवर, भिंतीला टेकून. पुढ्यात मेथीची जुडी होती. बाईंनी अर्धी आपल्याकडे ओढली.

दोघी मेथी निवडू लागल्या. एक साताऱ्याची, एक तंजावरची. आई म्हणाली, “तुमची भाषा माझ्या पणजीसारखी वाटते.” बाई म्हणाल्या, “मग पाया पडा.” आई हसली. फार दिवसांनी हसली होती.

तेवढ्यात बाहेर फुलवालीची हाळी आली. आईचे हात थांबले. “कोण असेल हो ती?” थोड्या वेळाने सायकलची घंटा. “हा रोज याच वेळेला जातो. कोण कुणास ठाऊक.” मग शाळा सुटलेल्या मुलांचा कालवा, त्यात एक मूल रडत होतं. आई कासावीस झाली. “पडलं वाटतं गं. कुणाचं आहे?” आणि मान उंच करून वर बघू लागली. वर जाळी, जाळीत नारळाची एक झावळी. बाई एकदा जाळीकडे, एकदा आईकडे बघत होत्या.

मेथी संपली तरी त्या उठल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत तशाच बसून होत्या. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, “चूक माझी. मी बाहेर जाऊन येणाऱ्या, उभ्या माणसाचं घर काढलें. तुमची आई बसलेली आहे.”

बाईंच्या तोंडून ‘चूक’ हा शब्द ऐकून मी चाटच पडलो. मी म्हटलं, “राहू द्या हो. घर गार तर आहे ना! मिसरच्या लोकांनी काही उगाच...”

“मिसरदेशाचं मला सांगू नका!” बाई कडाडल्या. मग खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या. “त्या लोकांच्यात उंच खिडकी होती तशी एक मोठी खिडकीही होती. राजाची. राजा त्या खिडकींत यायचा, खाली लोक जमायचे, आणि तो वरून आपल्या माणसांना सोन्याच्या माळा टाकायचा. मी मुलांना तीस वर्षं शिकवलें, ही खिडकी सत्ता दाखवायची. आज कळलं, तसां नव्हे. एवढा देव म्हणून पूजलेला राजा, त्यालाही लोक दिसाचे होते आणि लोकांना दिसाचं होतं. नाही तर महालांत बसून तो वेडा झाला असता. मेस्त्रींना बोलवा. भिंत फोडाची.”

“आता? नवी भिंत?”

“माझी भिंत आहे. मीच फोडणार.”

आणि फोडली. आईच्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना रस्ता दिसेल अशी खिडकी. वरच्या आणि खालच्या झडपा वेगळ्या, ऊन आलं की वरची लोटून घ्यायची. कोपर टेकायला रुंद कट्टा. गज इतक्या अंतरावर की वाटी आरपार जाईल. हे अंतर बाईंनी खरोखरची वाटी धरून ठरवलं. शेवटी चौकटीला तांबडा रंग द्यायचा म्हणाल्या, तेव्हा आई बिथरली. “तांबडा? पोस्टाच्या पेटीसारखा?”

“गेरू हो, गेरू.”

“मग असं म्हणा की! गेरू चालतो,” आई म्हणाली, आणि स्वतः बसल्या बसल्या खालची पट्टी तिनेच सारवली.

त्यानंतरची आई म्हणजे मिसरचा राजाच. सोन्याच्या माळांच्या जागी कढीपत्ता. समोरच्या घरातली सेल्वी आधी कढीपत्त्याला आली, मग लसणीच्या चटणीला, मग नुसतीच. शाळेतून येणाऱ्या पोरांना चकली. फुलवाली कट्ट्यावर टोपली टेकवून घटकाभर बसायची आणि जाताना गजरा गजातून आत सरकवायची. आईला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, आणि तरी गल्लीतल्या लग्नांतली अख्खी भांडणं आईला माझ्या आधी कळलेली असायची. पोरं तिला ‘जन्नल पाटी’ म्हणू लागली, म्हणजे खिडकीवाली आजी. मी कामावरून आलो की आई बातम्या द्यायची. ‘मला परत सोड’ हे वाक्य आमच्या घरातून गेलं ते गेलंच, असं मला वाटलं.

बाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. आता दाराला भेटून झालं की माणसांऐवजी खिडकीला भेटायच्या. आईजवळ बसायच्या, रस्त्यावरच्या बायकांशी तमिळमध्ये बोलायच्या आणि आईचं म्हणणं त्यांना सांगायच्या. बऱ्याचदा चुकीचं सांगायच्या मुद्दाम, आणि सगळ्या हसायच्या. आई त्यांना दटावायची, “सुगुणे, काय सांगितलंस गं माझ्या नावानं?” माझ्या विद्वान आर्किटेक्टला ‘सुगुणे’ म्हणणारी माझी आई शाळेत चौथीपर्यंतच गेलेली. बाईंना ते फार आवडायचं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग दादाचा फोन आला. त्याने तळमजल्यावर नवीन जागा घेतली होती, पुढे अंगण. तो स्वतः न्यायला येणार होता. आणि आई या खेपेला हो म्हणाली. शांतपणे म्हणाली, “आता वय झालं. इथं सगळं चांगलं आहे रे, तक्रार नाही. पण मरायचं ते आपल्या गावात. परक्या मुलखात कशाला?”

करमत नसतं तर भिंत फोडली असती. मी बाईंना फोन केला. मनात होतं, त्या रागावतील, येऊन आईला समजावतील. बाईंचा आवाज थकलेला होता, बरेच दिवस बरं नव्हतं त्यांना. म्हणाल्या, “जाऊं दे. खिडकी बघायला असते हो. बांधून ठेवायला नसते.” मग, “तिला सांगा, सुगुणा येतें निरोप द्यायला.”

दादा आला. तिकिटं, बॅग, आईची औषधं, सगळं बांधून झालं. आणि निघायच्या आदल्या सकाळी अड्यारहून बाईंच्या पुतण्याचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या.

मी आईला सांगितलं. ती रडली नाही. खिडकीची झडप उघडली आणि समोर रांगोळी घालत असलेल्या सेल्वीला म्हणाली, “सुगुणाम्मा पोयिट्टांग.” सुगुणाम्मा गेल्या. एवढं तमिळ तिला येतं हे मला ठाऊक नव्हतं. सेल्वीने हातातली रांगोळी तशीच टाकली, कपाळावर हात मारला आणि खिडकीशी येऊन गजांतून आईचे दोन्ही हात धरले. तेव्हा मात्र आई ओक्साबोक्शी रडली.

नीला आईपाशी थांबली, मी आणि दादा अड्यारला जाऊन आलो. बायका अंत्यसंस्काराला जात नाहीत, आणि आईचे गुडघे चालणारेही नव्हते. परत आलो तर आमच्या खिडकीशी ही गर्दी. सेल्वी, फुलवाली, शेजारपाजारच्या सात-आठ जणी. कुणाच्या हातात रसमभाताचं पातेलं, कुणाच्या हातात दहीभात. घरात माणूस गेलं की चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी अन्न आणायचं, ही रीत त्यांच्याकडे आहे तशी आपल्याकडेही आहे. वाट्या गजांतून आत जात होत्या. मी सेल्वीला म्हटलं, अहो, त्या अड्यारच्या, आमच्या घरच्या नव्हेत. सेल्वी माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. म्हणाली, “काय बोलता? अक्का-तंगच्ची ना त्या!” थोरली-धाकटी बहीण. इतकी वर्षं सगळी गल्ली हेच समजत होती. एक भाषा बोलतात, एकमेकींना अगं-तुगं करतात, म्हणजे बहिणीच.

मी आईकडे बघितलं. तिने कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. ताट पुढ्यात घेऊन ती भात कालवत होती.

रात्री दादाने विषय काढला. “आई, उद्याची गाडी सकाळची आहे.”

“मी येत नाही,” आई म्हणाली. “मला सुतक आहे. सुतकात कुणी गाव सोडतं का?”

“सुतक? आपल्याला कसलं सुतक?” दादा गोंधळला. “ना नात्याची, ना गोत्याची. तंजावरची बाई ती.”

“भावंडं जमिनीवरून भिंती घालतात रे दादा. हिनं स्वतः घातलेली भिंत माझ्यासाठी फोडली. माझी बहीण होती ती.”

दादा समजूतदार आहे. म्हणाला, “बरं, पाळ सुतक. मी पुन्हा येईन न्यायला, सगळं फिटल्यावर.”

“नको येऊस,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. “मरायचं ते आपल्या गावात, असं मीच म्हणाले होते ना? मग? आज माझं माणूस या गावात गेलं. आता हे गाव परकं कसं?”

दादा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एकटाच गेला.